पाचावर एक

गुंडू, तू गेल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतायत. खोलीचा नंबर खरंच सहा होता का?

भेटायला येणारे विचारतात, फोन करणारे विचारतात. आधी चार शब्द हळहळीचे बोलतात, मग आवाज खाली आणून मुद्द्यावर येतात. मी हो म्हटलं की "बघा!" म्हणतात. त्या 'बघा'मध्ये दुःख कमी आणि समाधान जास्त असतं. तुझ्या चुलीनं लाखो घरांतला धूर घालवला, तुला शाली मिळाल्या, पेपरात फोटो आले, आणि आता तुझं काय उरलं, तर सहा हा आकडा खरा निघाला म्हणे. मी दमले रे. कालपासून फोन उचलायचाच बंद केलाय.

त्यातून इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीनं रविवारी शोकसभा ठेवली आहे. तो नागपूरकडचा उत्साही मुलगा, आयटीतला, भेटला की तुला 'अण्णा' म्हणून वाकून नमस्कार करायचा तो. मला म्हणाला, "मॅडम, अण्णांचं टेक्निकल वर्क सगळ्यांना माहितीच आहे. तुम्ही त्यांच्या नंबर्सवर बोला ना. मिस्टिकल साइड. लोकांना ते जास्त कनेक्ट होतं. आणि ती रूमची गोष्ट शेवटी घ्या, एकदम मस्त... म्हणजे सॉरी, मस्त नाही, पॉवरफुल होईल."

मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायला अंगात जोर लागतो. "बघते," एवढंच म्हणाले.

पण काय बोलू, ते तूच सांग. झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या हृदयाची झडप बदलायची होती, डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. तुम्ही नवराबायको, तू आणि शांतक्का, दवाखान्यात भरती व्हायला गेलात, तिथं सहा नंबरची खोली मिळाली आणि तू दारातून परत फिरलास. दुसरी खोली दोन दिवसांनी मिळणार होती. तू दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. एका आकड्यापायी माणूस जिवाला मुकला असं मी सभेत सांगितलं, तर तुझी आयुष्यभराची अक्कल मातीत जाते. नाही सांगितलं, तर त्यांचं 'बघा, बघा' चालू राहणार. आणि खरं सांगू? हे सभेपुरतं नाहीये. मलाच कळत नव्हतं, की एवढा हुशार माणूस एवढ्या मूर्ख कारणासाठी मेला का. मला तुझा भयंकर राग आला होता.

तुझे आकडे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पुण्याची नोकरी सोडून मी या कानडी गावात आले, राजाजीनगरातल्या तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले, तेव्हा तू एका डब्याला भोकं पाडत बसला होतास आणि मोठ्यानं मोजत होतास. "लाभ, दोन, तीन, चार, पाच, पाचावर एक, सात..." मला वाटलं, माणसाचा स्क्रू ढिला आहे. मग तू समजावलंस. तुझ्या वडिलांचं सीमेवरच्या गावात धान्याचं दुकान. धान्य मापताना पहिल्या मापाला ते 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. ते मलाही माहीत होतं, आमच्या आजोळी तसंच मोजायचे.

"आणि सहाला काय झालं?" मी विचारलं.

"सहाला कन्नडात काय म्हणतात?"

"आरु."

"आणि दिवा विझला तर? 'दीप आरितु'. आरु म्हणजे सहा आणि आरु म्हणजे विझणं. चूल बनवणाऱ्यानं तोंडानं 'आरु' म्हणायचं होय?"

"पण तू तर मराठीत मोजतोयस. सहा म्हण."

"माझ्या डोक्यात दोन्ही एकदमच वाजतात," तू म्हणालास.

तुझी अडचण ही होती. घरात मराठी, शाळेत कन्नड. तुझ्या डोक्यात दोन्ही भाषांचे आकडे एकाच खोलीत राहायचे. एळु म्हणजे सात आणि एळु म्हणजे ऊठ. हत्तु म्हणजे दहा आणि हत्तु म्हणजे पेट घे. तुला वाटायचं, ज्यांनी भाषा घडवली त्यांनी हे उगीच केलेलं नाही, कुणीतरी आपल्यासाठी ठेवून गेलंय. मी म्हणायचे, योगायोग. तू म्हणायचास, "योगायोग म्हणजे काय, ते तर सांग." मग जेवायची सुट्टी संपायची.

आणि खोटं कशाला बोलू, पहिली चूल दहाव्या खेपेलाच पेटली. इथल्या शिवाजीनगरच्या पत्रेवाल्यांच्या गल्लीत नळकांडं दुरुस्त करून घेतलं आणि तुला राजाजीनगरापर्यंत दम निघेना. तिथंच रस्त्याच्या कडेला भुसा भरलास. नऊ वेळा आम्ही धूर खाल्ला होता. सहाव्या खेपेला तर तुझ्या भुवया जळाल्या होत्या, ते तू नंतर मला जन्मभर ऐकवलंस. त्या दिवशी काडी लावली आणि वरच्या भोकांतून निळी ज्योत गोल उभी राहिली. धूर नाही, काही नाही. तू "हत्तितु! हत्तितु! पेटली!" ओरडत गल्लीभर नाचलास. शेजारचा पत्रेवाला म्हणाला, "आक्कावरे, ह्यांना दहा काय मिळाले?" मी हसून हसून खाली बसले. गुंडू, त्या हसण्याचे तुझे माझ्यावर उपकार आहेत. पुण्याहून मी काय अवस्थेत आले होते ते तुला माहीत होतं, आणि तू कधी एका शब्दानं विचारलं नाहीस. समोर स्टूल सरकवलंस आणि भोकं मोजायला लावलीस.

भोकांचंच घे. आपल्या चुलीच्या वरच्या कड्याला सत्तर भोकं आहेत. आता सगळीकडे छापून येतंय, की सात गुणिले दहा, 'ऊठ आणि पेट', हे अण्णांचं गूढ गणित. खरी गोष्ट तुला माहीत आहे आणि मला. वर्षभर मी वेगवेगळी कडी लावून पाणी उकळत बसले होते. साठ ते ऐंशीच्या मधला कुठलाही आकडा चालत होता, ज्योतीत काडीचा फरक पडत नव्हता. तू म्हणालास, "मग सत्तर." मी म्हणाले, "घे सत्तर." ज्या आकड्यानं काही बिघडत नाही, त्यावरून भांडायचा मला कंटाळा होता. इथं चुकलं असेल तर एवढंच, की लोकांना सत्तर दिसले आणि माझं वर्षभराचं उकळलेलं पाणी दिसलं नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. थोडं आहे.

पण मी तुला सोडलंही नाही. चाचणीच्या वेळी तू मिनिटं मोजायचास, सगळी शेड श्वास धरून उभी असायची. पाच झाले की तू क्षणभर थांबायचास, आणि मी मागून मुद्दाम ठणकावून म्हणायचे, "सहा!" तू दात दुखल्यासारखं तोंड करायचास आणि म्हणायचास, "पाचावर एक." पोरंसोरं हसायची. हळूहळू सगळेच 'पाचावर एक' म्हणायला लागले. पाचव्या नमुन्यानंतर सातवा काढलास तेव्हा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "सहावा कुठाय?" तर आपला फिटर सहज म्हणाला, "तो आमच्यात नसतो."

मी तुला अंधश्रद्ध म्हटलं की तुझं एक ठरलेलं उत्तर होतं. "तुम्ही पुण्याची माणसं फार विज्ञानवादी. मग संध्याकाळी निघताना 'येते' का म्हणतेस? परत थोडीच येणार आहेस? घरी चाललीयस. 'जाते' म्हण."

"ती पद्धत आहे."

"माझीपण पद्धतच आहे. म्हणून तर दाखव. 'जाते'."

मी पर्स खांद्याला लावून शेडच्या दारात उभी राहायचे. तोंड उघडायचे. आणि जीभ रेटायचीच नाही, गुंडू. काय होणार होतं? काही नाही. पण "चल, येते" असंच निघायचं तोंडातून, आणि तू टाळी वाजवायचास. तुझ्या म्हातारपणापर्यंत आपलं हे चालू होतं. शेवटच्या भेटीतही, भरती होण्याच्या आदल्या संध्याकाळी, मी "येते" म्हणाले आणि तू टाळी वाजवलीस. जरा हळू वाजवलीस, तेव्हा लक्षात आलं नाही.

एक दिवस मात्र तू एकही आकडा काढला नव्हतास. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपली मोठी चूल बसवली होती. स्वयंपाकाच्या बाई भाकऱ्या थापत होत्या आणि दर थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसत होत्या. तू घाबरून जवळ गेलास, धूर होतोय की काय. धूर नव्हताच. बाई नुसत्या सवयीनं पुसत होत्या. त्यांच्याही ते लक्षात आलं, आणि त्या पदराकडे बघत राहिल्या. परत येताना बसमध्ये तू राजाजीनगरपर्यंत एक अक्षर बोलला नाहीस. मला वाटतं, तुझा खरा धर्म तो होता. बाकी सगळं तोंडी लावणं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू गप्प होतास तर मीही गप्प बसले.

आज संध्याकाळी चामराजपेटला तुझ्या घरी गेले. रविवारच्या आधी शांतक्काला विचारायचंच असं ठरवून गेले होते. जिन्यावर चपलांचा ढीग नव्हता, म्हटलं बरं झालं. शांतक्का एकट्याच होत्या. आपल्याच चुलीवर चहा ठेवला होता त्यांनी, गॅस घरात असताना. "ह्यांना ह्याच्यावरचाच लागायचा की," म्हणाल्या.

मी सेक्रेटरीचं सांगितलं. म्हटलं, "शांतक्का, मला खरं सांगा. त्या खोलीसाठी खरंच परत आला तो?"

त्यांनी पदराचा काठ बोटांनी सरळ केला. मग म्हणाल्या, "तिथं त्या मुलीनं 'रूम नंबर आरु' म्हटलं. हे म्हणाले, 'पाचावर एक?' तिला काय कळणार, पाप, बिचारी. हे मागं फिरले. मी म्हटलं, अहो, स्वल्प थांबा, आपण विचारू दुसरं काही आहे का. ऐकलं नाही. रिक्षात बसलो. माझा हात घट्ट धरला ह्यांनी. एवढ्या वर्षांत रस्त्यावर कधी धरला नव्हता, मालूताई. आणि मला म्हणाले, 'शांते, खोली सातची असती तरी मी परत आलो असतो.'"

चूल बारीक फुरफुरत होती.

"भ्यायले होते हो," शांतक्का म्हणाल्या. "छाती फाडणार, त्याला भ्यायले होते. आधीच्या रात्रीपासून हात गार पडले होते. पण भ्यायलो म्हणायचं कुणाला? मोठे झालेले, अण्णा झालेले. आकडा सोप्पा पडला. त्या मुलीनं आयता दिला. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, घरी जाऊ. आज नको तर परवा जाऊ. माझ्या मनात आलं, दोन दिवसांत धीर येईल."

मग त्यांनी दुपारचं सांगितलं. जेवून तू आडवा झालास. चहाच्या वेळेला त्या उठवायला आल्या. "एळ्री, म्हटलं. एळ्री, चहा झाला. एळ्री की हो." उठा, उठा. तुझा लाडका आकडा, गुंडू. त्या घरात तो किती वेळा म्हटला गेला असेल त्या दुपारी, आणि तू उठला नाहीस.

मी रडले. रागावले होते, ते सगळं त्याच्यात वाहून गेलं. माणसा, मला सांगायचं होतंस ना. चाचणीच्या वेळी तू पाचावर का थांबायचास, तेही मला आज कळलं. चूल विझेल याची तुला भीती वाटायची आणि तू ती आकड्याच्या गळ्यात बांधायचास. आदल्या संध्याकाळी टाळी हळू वाजवलीस त्याऐवजी "पुणेरी, मला भीती वाटतेय" म्हणाला असतास, तर मी काही गणित मांडलं नसतं. तुझ्याबरोबर येऊन त्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले असते. तू माझ्यासमोर टाकलं होतंस तसं.

"रविवारी काय सांगू?" मी विचारलं.

"सांगा, भ्यायले होते म्हणून. आकडा खरा नाही नि खोटा नाही, माणूस भ्यायला होता. त्यात लाज कसली? उद्या दुसरा कुणी सहाचं नाव सांगून परत फिरायला नको." आणि मग एकदम, "मालूताई, चहा आरतोय, घ्या की."

मी मान वर केली. "काय म्हणालात?"

"चहा. आरतोय. थंड होतोय."

"आरतोय म्हणजे विझतोय ना?"

शांतक्का कितीतरी दिवसांनी हसल्या. "अय्यो, विझायला तो काय दिवा आहे? दिवा असला तर विझणं. चहा असला तर थंड होणं. धुणं वाळत घातलं, तर त्याचं वाळणं. दमून आलेल्या माणसाला म्हणतो आम्ही, बस स्वल्प, दणिवु आरलि. दणिवु म्हणजे थकवा. थकवा उतरू दे."

इतकी वर्षं या गावात काढली आणि माझं कन्नड भाजीवालीपुरतंच राहिलं, स्वल्प, सरी, बेडा. मला हा अर्थ माहीत नव्हता. पण तुला होता, लबाडा! तू त्या भाषेत शाळा शिकलास. दमलेल्या माणसाला 'आरु' म्हणतात, हे ठाऊक असून तू आयुष्यभर एकच अर्थ जवळ धरलास, आणि मला सांगितलास तोही तेवढाच. केवढं मोठं भांडण झालं असतं यावर! मी तुला म्हणाले असते, गुंडू, त्या खोलीच्या दारावर 'विझ' नव्हतं लिहिलेलं, 'टेक जरा' असं लिहिलेलं होतं. तू काहीतरी खोडी काढून उत्तर दिलं असतंस. आता हे कुणाला ऐकवू?

चहा प्यायले. थंडच झाला होता. शांतक्कांनी चुलीचं झाकण लावलं, ज्योत खाली बसली, आणि आम्ही दोघी त्या भोकांकडे बघत राहिलो. मोजायचं म्हटलं तर मोजता आली असती.

निघायला उठले. दारात पायात चपला सरकवल्या आणि तिथंच अडले. मयताच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. काही न बोलता निघायचं, हे आम्हा पुण्याच्या विज्ञानवाद्यांनाही पाठ असतं. 'जाते' तर मला तुझ्या दारात उभ्या जन्मात म्हणता आलं नाही. पर्स खांद्याला, हात कडीवर, आणि तोंडात दोन्हींपैकी एकही शब्द नाही. मागं वळून बघितलं तर शांतक्का माझ्याकडेच बघत होत्या.

"म्हणा की," त्या म्हणाल्या. "ऐकल्याशिवाय ह्यांनी कधी सोडलंय का तुम्हाला?"

"येते," मी म्हणाले.

टाळी काही वाजली नाही. शांतक्का म्हणाल्या, "सरी. या."